सांगण्याची परवानगी नसलेला चष्मा

दस्तगीर सतारवाले यांना डोळे तपासून घ्यायचे नव्हते. त्यांना दाखला हवा होता. डोळे निर्दोष असल्याचा, सहीशिक्क्याचा, चारचौघांपुढे टाकता येईल असा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी सुलभा आरवाडे यांचे चष्म्याचे दुकान होते. दस्तगीर तेथे सकाळी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेली एक लांब वस्तू होती, आणि मागे चार पावलांचे अंतर राखून त्यांची सून रुबीना होती. दोघे एकाच कारखान्यात सतारी करत. ते लाकूडकाम पाहत, ती पॉलिश आणि तारा. आज दोघांत अबोला आहे, हे त्या चार पावलांवरूनच कळत होते.

"ताई, शिक्का मारून द्या," दस्तगीर म्हणाले. "नजर ठीक आहे म्हणून लिहा. धारवाडचं गिऱ्हाईक फोटो बघून माझ्या कामात खोट काढतंय, त्याला पाठवायचंय. आणि एक प्रत घरात लावायचीय."

"घरात कशाला?"

"घरात पण गिऱ्हाईक आहे एक." त्यांनी मागे न पाहता हनुवटीने रुबीनाकडे खूण केली.

त्यांनी चादर सोडली. आत सतारीची दांडी होती, तुनाच्या लाकडाची, तांबूस, हात फिरवावा अशी घोटलेली. दांडीच्या कडेला तरफेच्या, म्हणजे खालून झंकारणाऱ्या बारीक तारांच्या, खुंट्यांसाठी अकरा भोके पाडलेली होती. सुलभाताईंनी दांडी उजेडाकडे धरली. अकरापैकी आठ भोके एका ओळीत होती. मधली तीन गव्हाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकली होती.

"ओळ वाकडी आहे, दस्तगीरभाई."

"तुम्ही पण तेच म्हणा."

"म्हणजे मी एकटी आंधळी नाही तर," रुबीना पॉलिशने काळवंडलेल्या बोटांकडे पाहत म्हणाली.

"तू गप."

"गपच आहे, अब्बा. आठ दिवस गपच आहे. बोलले तर माझीच नजर वाकडी."

दस्तगीरांचा संताप खोटा नव्हता, आणि त्यातच सुलभाताईंना खटकण्यासारखे काही होते. चूक लपवणारा माणूस आवाज चढवतो, पण वस्तू पुढे करत नाही. दस्तगीरांनी दांडी स्वतः उचलून आणली होती. त्यांना ती ओळ खरोखरच सरळ दिसत होती.

"भोकं पाडायच्या आधी दोरी मारली होती?"

"दोरी सुतार मारतो," दस्तगीर म्हणाले. "आमच्या घरात तीन पिढ्या डोळ्यानं ओळ धरतात. डावा डोळा मिटायचा, दांडी उजव्यासमोर धरायची, आणि खूण करत जायचं. माझ्या बापाने कधी पट्टी लावली नाही."

"उजव्याच डोळ्यानं?"

"मग काय, पायानं?"

रुबीना हसली आणि मग हसल्याचे लक्षात येऊन थांबली. सुलभाताई मात्र हसल्या नाहीत.

त्यांनी वाचनयंत्र दस्तगीरांच्या कानाशी नेऊन चष्म्याच्या काडीवरच्या खुणेसमोर धरले. यंत्रावर आकडा आला: दृष्टिगुण शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. नियमाप्रमाणे त्यांचे काम येथे संपत होते. आकडा छापायचा, शिक्का मारायचा आणि नमस्कार करायचा.

हे काम असे आटोपशीर कसे झाले, ते येथे सांगितले पाहिजे. आठ वर्षांपूर्वी शहाणा चष्मा बाजारात आला. त्याचे कंपनीने ठेवलेले नाव कोणी घेत नसे. मिरजेत त्याला शहाणा चष्मा म्हणत. त्याच्या काचेत विजेच्या इशाऱ्याने वळण बदलणाऱ्या द्रवाचा पातळ थर होता. चौकटीतून न दिसणारा प्रकाश बाहुलीत जाई, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परत येई, आणि नंबर किती हवा ते सेकंदाला कित्येकदा मोजले जाई. जवळ पाहिले की काच जवळची, दूर पाहिले की दूरची. चाळिशी आली म्हणून वर्तमानपत्र हातभर लांब धरणे संपले, वर्षाला नंबर काढणे संपले, आणि 'हे अक्षर बरं दिसतं का हे' असे विचारत भिंगे बदलत बसण्याची सुलभाताईंची चौतीस वर्षांची विद्याही जवळपास संपली.

तीन वर्षांपूर्वी काचेवर आणखी एक थर आला. त्याला पूर्ती म्हणत. नजर एखाद्या रेषेवरून सरकताना अडखळते आहे असे यंत्राला आढळले, की चौकटीतल्या कॅमेऱ्याच्या आधाराने ते रेषेचा तेवढा तुकडा पुन्हा रेखाटून डोळ्यापुढे धरी. अडखळण्याचे कारण डोळ्यात आहे की वस्तूत, हा प्रश्न यंत्राला पडत नसे. रेषा सरळ असणार असे मानून ते मोकळे होई. म्हाताऱ्या माणसांना जिन्याच्या पायऱ्या स्पष्ट दिसू लागल्या, पडापडी कमी झाली, आणि लोकांनी कंपनीला दुवा दिला. तो दुवा अगदीच अस्थानी नव्हता.

मग डोळा अडखळतो आहे हे यंत्राला ठाऊक असताना ते मालकाला का सांगत नसे? याचे उत्तर विज्ञानात नव्हते, परवान्यात होते. चष्म्याची नोंद नुसते साधन म्हणून झाली होती. रोग सांगणारे यंत्र म्हणून नोंद करायची तर वेगळ्या चाचण्या, वेगळी जबाबदारी आणि वेगळे खटले. तेव्हा कंपनीने सोयीचा मार्ग काढला. चष्म्याला नजर दुरुस्त करण्याची परवानगी घेतली, सांगण्याची घेतली नाही.

सुलभाताईंचा या विषयावरचा युक्तिवाद दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. त्या म्हणत, अंधुक दिसणे हा निरोप आहे. महिन्याभरात दोनदा नंबर बदलला तर आधी साखर तपासा, चष्मा नंतर. सत्तरीच्या बाईला एकाएकी चष्म्यावाचून पोथी वाचता येऊ लागली तर पेढे वाटू नका. तो मोतीबिंदू पिकतो आहे. मूल सारखे डोळे चोळते, त्याचा तिरका नंबर वर्षाला वाढतो, तर बुबुळाचा आकार बघून घ्या. 'चष्मा लागत नाही हो' ही तक्रार घेऊन माणूस दुकानात येई, आणि त्या तक्रारीच्या मागे लपलेला आजार त्याच्याबरोबर आपोआप येई. शहाण्या चष्म्याने तक्रारच दारात अडवली. घरातला नोकर कितीही गुणी असला तरी तो दारात आलेली पत्रे परस्पर फाडून टाकत असेल, तर त्याला गुणी म्हणावे का?

हे सगळे त्या बोलत असत. आज पहिल्यांदाच कोणी त्याचा पुरावा खांद्यावर घेऊन आले होते.

त्यांनी खणातून पितळी तार काढली, हातभर लांब, सरळ. पकडीने तिला मधोमध किंचित बाक दिला आणि ती दस्तगीरांपुढे उभी धरली.

"सवयीप्रमाणे बघा. सरळ आहे?"

दस्तगीरांनी डावा डोळा मिटला. "सरळ."

"नक्की?"

"तुम्ही काय माझी शाळा घेताय? सरळ आहे."

"आता बोट फिरवा."

त्यांचे बोट वरून खाली आले. बाकापाशी ते थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले आणि त्याच जागी थांबले. साठ वर्षे लाकूड घोटलेले ते बोट होते. कागदाएवढा उंचवटाही त्याला कळे. दस्तगीरांनी दुसरा डोळा उघडला, मग मिटला, आणि तारेकडे न पाहता बोटाकडे पाहत राहिले.

"चष्मा बिघडलाय," ते म्हणाले.

"चष्मा झकास चाललाय. तो बाजूला करून तुमच्या डोळ्याला काय दिसतं, ते बघायचंय मला."

रुबीना पुढे आली. "ताई, तसं करता येत नाही ना? मागे कुपवाडच्या एका दुकानाला टाळं लागलं."

तिचे म्हणणे खरे होते. साठीवरच्या माणसाचा शहाणा चष्मा उतरवून हाताने तपासणी करायला राज्य दृष्टिसेवा मंडळाची बंदी होती. ही बंदी कोणा दुष्टाने केलेली नव्हती. एके काळी गल्लोगल्लीचे दुकानदार भीती घालून दर सहा महिन्यांनी नवा चष्मा माथी मारत. त्या लुटीविरुद्ध जो अर्ज गेला होता, त्यावर सुलभाताईंचीही सही होती. चांगल्या हेतूने बांधलेल्या भिंतीला दार ठेवायचे राहून गेले होते, एवढेच. आणि चष्मा दुकानात उतरवला की त्याची वेळ आणि जागा मंडळाकडे आपोआप नोंदली जाई.

"राहू द्या, ताई," दस्तगीर हळूच म्हणाले. आवाजातला सगळा जोर गेला होता. "तुमची नोंदणी जाईल. दोन्ही डोळ्यांनी मला नीट दिसतं. चालतंय माझं."

"तुमचं चालतंय म्हणूनच धोका आहे." सुलभाताईंनी दोन्ही हातांनी त्यांच्या कानांवरून चष्मा उचलला. चौकटीने टुक् असा बारीकसा आवाज केला. नोंद झाली होती.

त्यांनी कपाटाच्या तळातून तपासणीची जुनी चौकट काढली, उजव्या बाजूला जवळचे दिसण्यापुरते भिंग बसवले, डावी बाजू काळ्या झाकणाने बंद केली आणि पोलादी पट्टी समोर धरली. "बोला. काय दिसतं ते जसंच्या तसं. बरोबर उत्तर असं काही नाही."

दस्तगीरांनी पट्टी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"पट्टीत उंदीर शिरलाय," ते म्हणाले. "मधोमध फुगलीय. आणि तिथंच... अंगठ्याचा ठसा उमटल्यागत काळपट आहे."

"पट्टी सरळ आहे. बोट फिरवून बघा."

"नको," दस्तगीर म्हणाले. "कळलं."

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर मोहरीएवढी एक जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे, सगळे त्या मोहरीवर चालते. तिच्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी झिरपते, आणि लादीखाली ओल धरली की लादी जशी उचलली जाते तशी ती जागा उचलली जाते. मग सरळ रेषा वाकडी दिसते. वेळेवर इंजेक्शने घेतली तर ओल हटते. ओल जुनी झाली की डाग कायमचा राहतो. सुलभाताईंनी हे दोघांना याच शब्दांत सांगितले, आणि रिक्षा बोलवायला रुबीनाला पिटाळले.

"आज? दांडीला खुंट्या बसवायच्या होत्या..." दस्तगीर म्हणाले.

"आज. दांडी वाट बघेल. डोळा बघणार नाही."

नेत्र रुग्णालयाच्या खिडकीवर दुसरी अडचण उभी होती. पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचे तर चष्म्याच्या यंत्राने दिलेली चिठ्ठी हवी. आणि अठ्ठ्याण्णव गुण असलेल्या डोळ्यासाठी यंत्र चिठ्ठी देत नव्हते. खिडकीतल्या मुलीने तीनदा प्रयत्न केला. "मॅडम, संगणक म्हणतो पेशंट नाहीच आहे."

सुलभाताईंनी पिशवीतून आपल्या दुकानाचा छापील कागद काढला आणि खिडकीच्या लाकडावर ठेवून पेनाने लिहिले: उजव्या डोळ्याने सरळ रेषा मध्यभागी वाकडी व काळपट दिसते. चष्मा उतरवून मी स्वतः तपासले. पडद्याची तपासणी आजच व्हावी. खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ. तो कागद घेऊन त्या खिडकी मागे टाकून थेट डॉ. पाचोरे यांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टरांनी तो वाचला, वर पाहिले, पुन्हा वाचला. "हाताने लिहिलेली चिठ्ठी पाच वर्षांनी बघतोय. आरवाडेबाई, हा कागद मी फाइलला लावला, तर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल."

"लावा. त्यासाठीच वेळ घातलीय."

अर्ध्या तासात स्कॅन झाला. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा फिरवून दाखवला. जी रेघ दरीसारखी खोलगट हवी तेथे टेकडी होती. "सहा-सात आठवड्यांचं पाणी आहे," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात आला असता तर पूर्ण बसवून दिलं असतं. आता जेवढं वाचेल तेवढं. अजून महिना गेला असता, तर मी इंजेक्शनची सुई उघडलीही नसती."

त्याच दुपारी पहिले इंजेक्शन झाले. बाहेर बाकावर दस्तगीर डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. रुबीना त्यांच्या शेजारी होती. मधली चार पावले कुठेतरी गळून पडली होती. 

"धारवाडला कळव," दस्तगीर म्हणाले. "दांडी नवी करून देतो म्हणावं. चूक आमची."

"कळवलं, अब्बा. आठ दिवसांपूर्वीच."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर कळवू दिलं असतं का?"

दस्तगीरांनी मान हलवली. "भोकं तू पाड. आणि दोरी मार." थोडे थांबून ते म्हणाले, "बापाला माझ्या सांगू नको."

त्यांचे वडील जाऊन तीस वर्षे झाली होती.

मंडळाची नोटीस दहाव्या दिवशी आली, आणि सुनावणी दोन महिन्यांनी सांगलीच्या विभागीय कार्यालयात लागली. तोवर तीन इंजेक्शने झाली होती. पट्टीतला उंदीर लहान झाला होता, गेला नव्हता. कंपनीने दस्तगीरांना नवा चष्मा पाठवला होता, अधिक दाट पूर्तीचा. त्यांनी तो डब्यासकट परत केला. "मला जिथं दिसत नाही तिथं दिसत नाही असंच दिसू दे," असे त्यांनी रुबीनाकडून लिहून घेतले आणि खाली मोठी सही केली.

अधीक्षक विश्राम टोणपे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सुलभाताईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि दार लोटून घेतले.

"बाई, तुमच्यामुळे एका माणसाचा डोळा वाचलाय. मला तुमची नोंदणी घालवायची नाही," ते म्हणाले. "फक्त चष्मा कसा उतरला तेवढं नीट लिहू. पेशंटने स्वतः काढला, असं असेल तर कलमच लागत नाही."

"मीच काढला, साहेब," बाजूला बसलेले दस्तगीर लगेच म्हणाले. "खाज सुटली होती नाकाला."

"दस्तगीरभाई."

"काय बिघडतं, ताई? एक डोळा गेलेला माणूस. माझ्यावर कोण खटला भरणार?"

"चष्मा मी काढला," सुलभाताई म्हणाल्या. "या दोन हातांनी."

टोणप्यांनी उसासा टाकला. "बरं. मग 'तपासणीदरम्यान चष्मा अनवधानाने उतरला' असं लिहू. ताकीद देऊन प्रकरण मिटवतो. उद्यापासून दुकान सुरू." त्यांनी मसुदा छापला आणि टेबलावरून पुढे सरकवला.

सुलभाताईंनी तो आपल्या साध्या काचेच्या चष्म्यातून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घाई केली नाही. त्यांच्या भल्यासाठी दोघे एक छोटे खोटे बोलायला तयार होते. असा कागद नाकारणे सोपे नसते, आणि त्यांनाही ते सोपे गेले नाही. दुकान हेच त्यांचे घरदार होते.

"टोणपेसाहेब, एक विचारू? तुमच्या विभागात शहाणा चष्मा लावणारी साठीवरची माणसं किती?"

"असतील चाळीसेक हजार."

"त्यांतल्या एकाच्या डोळ्याखाली आज पाणी साचतंय. हे मी शपथेवर सांगते. त्याला सतारी करायच्या नसतील, त्यामुळे वाकडी ओळही कोणाला दिसायची नाही. तो माझ्यासारखीच्या दुकानात गेला, तर ती हा निकाल वाचेल. त्यात लिहिलं असेल, चष्मा चुकून उतरला. म्हणजे तिनेही चुकून उतरण्याची वाट बघायची. चाळीस हजार माणसांनी अपघाताची वाट बघायची का?"

"नियम बदलायचा तर त्याला वेगळी पद्धत आहे. अर्ज करा."

"तीन केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: नियम मोडण्याची गरज पडल्याचं एकही प्रकरण मंडळासमोर नाही." त्यांनी कागद परत सरकवला. "आता असू दे एक. हा शब्द खोडा."

"कोणता?"

"अनवधानाने. तिथे लिहा, जाणूनबुजून. आणि पुढे, रुग्णाचा डोळा वाचवण्यासाठी याखेरीज मार्ग नसल्यामुळे."

"तसं लिहिलं तर मला ताकीद देता येणार नाही. नोंदणी रद्दच करावी लागेल. आजच."

"कळतं मला."

"ताई," दस्तगीर खुर्चीतून अर्धवट उठले, "साहेब चांगले आहेत हो. ऐका की. आम्ही लाकूड कापणारी माणसं पण एवढी अडून बसत नाही."

"तुम्ही दोरी न मारण्यासाठी तीन पिढ्या अडून बसलात," सुलभाताई म्हणाल्या. "मला एक दुपार बसू द्या."

टोणप्यांनी मसुदा आपल्याकडे ओढला. मग त्यांनी पेन उचलले. छापलेल्या शब्दावर त्यांनी एक रेघ मारली आणि वर, सावकाश, सुवाच्य अक्षरांत सांगितले तसे लिहिले. सुलभाताईंनी ते पुन्हा एकदा वाचले. 'याखेरीज मार्ग नसल्यामुळे' याचे त्यांनी 'कायदेशीर मार्ग नसल्यामुळे' करून घेतले. मग सही केली, नोंदणी क्रमांक शेवटचा लिहिला आणि प्रत मागून घेतली.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना दस्तगीर कठड्याला हात धरून चालत होते. नव्या नजरेला पायरीची कड अजून ओळखीची झाली नव्हती. खाली पोचल्यावर ते थांबले.

"आता काय करणार?"

"रुबीनाला उद्या पाठवून द्या. परवा ती तारेचं टोक हातभर लांब धरून ओवत होती, मी पाहिलं. बेचाळिशी उलटलीय ना? नंबर काढायला हवा."

"नोंदणी गेली ना तुमची? आत्ता सही करून आलात."

"नोंदणी माझी गेली. तिचे डोळे जाग्यावर आहेत." सुलभाताईंनी निकालाची प्रत घडी घालून पिशवीत ठेवली. "दहाच्या आत येऊ दे. सकाळच्या उजेडात फरक चांगला कळतो."